परदेशची विद्या आणि गांवचा तलाव

समुद्र ओलांडला कीं धर्म बुडतो, असें मानणारी पिढी आपल्या समाजांतून केव्हांच नाहींशी झाली. १८८३ सालीं आनंदीबाई जोशी वैद्यकी शिकण्यासाठीं कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या, तेव्हां हिंदु स्त्रीनें एकटीनें परदेशीं जावें कीं नाहीं, तेथें तिचा आचार राहील कीं नाहीं, याविषयीं लोकांनीं किती काथ्याकूट केला हें त्यांचें चरित्र वाचणाऱ्यांस ठाऊक आहे. आज त्या काथ्याकुटाचें आपणांस हंसूं येतें. मुलगा परदेशीं शिकावयास निघाला म्हणजे हल्लीं प्रायश्चित्ताची गोष्ट कोणी काढीत नाहीं. उलट चौकांत त्याच्या छायाचित्राचा फलक लागतो, आणि त्या फलकावर अभिनंदन करणारांचीं नांवें मुलाच्या नांवापेक्षां मोठ्या अक्षरांत झळकतात. एवढ्यावरून समुद्रयानाचा निषेध आपल्यांतून समूळ गेला असें मात्र कोणीं समजूं नये. त्यानें रूप पालटलें आहे, इतकेंच. पूर्वीं बंदी होती ती विद्यार्थ्याच्या देहास. आपल्या काळांत देहास मोकळीक मिळाली आणि बंदी आली ती त्याच्या विषयास.

हें आम्ही अलंकारिक भाषेंत बोलत नाहीं. अनुसूचित जाती, विमुक्त व भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि परंपरागत कारागीर यांच्या मुलांना परदेशीं उच्च शिक्षण घेतां यावें म्हणून केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय खात्याची एक राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ति आहे. २०२२ सालीं तिच्या १२५ जागा होत्या. त्या वर्षाच्या फेब्रुवारींत या शिष्यवृत्तीची जी नियमावली प्रसिद्ध झाली तींत असें कलम घालण्यांत आलें कीं, भारतीय संस्कृति, वारसा, इतिहास, किंवा भारतविषयक सामाजिक अभ्यास यांपैकीं कोणताहि विषय या शिष्यवृत्तीवर परदेशीं जाऊन शिकतां येणार नाहीं. समर्थन असें झालें कीं, या विषयांचीं साधनें व जाणते लोक आपल्याच देशांत विपुल आहेत. त्यांसाठीं बाहेर जाण्याचें प्रयोजन काय? युक्तिवाद वरवर पाहतां इतका सरळ दिसतो कीं, पुष्कळ सुशिक्षित गृहस्थांनींहि त्यावर मान डोलाविली. आमच्या मतें मात्र हें कलम परदेशच्या विद्येचा गाभाच काढून घेऊन तिची टरफलें विद्यार्थ्याच्या हातीं देणारें आहे. आणि तें कसें, हें दाखविणें हाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

हा प्रश्न पुण्यामुंबईच्या दिवाणखान्यांतून न पाहतां आम्ही तो चामोर्शीच्या बाजूनें पाहूं इच्छितों. चामोर्शी हें १९८२ पर्यंत चंद्रपूर जिल्ह्यांत असलेलें व तेव्हांपासून गडचिरोली जिल्ह्यांत आलेलें तालुक्याचें गांव. वैनगंगेचा कांठ, धानाच्या बांध्या, उन्हाळ्यांत तेंदूपानांचा हंगाम, मार्कंड्याचीं जुनीं देवळें व तेथली महाशिवरात्रीची जत्रा, आणि अलीकडे कोनसरीस उभा राहिलेला लोखंडाचा कारखाना, इतकें सांगितलें म्हणजे परक्या वाचकास या भागाची ओळख पुरे होते. परंतु तेथें जन्मलेल्या मुलासहि बहुधा इतकीच ओळख असते, हें आमच्या म्हणण्याचें पहिलें सूत्र आहे. माणूस जेथें जन्मतो तेथलें त्याला सगळें ठाऊक असतें ही समजूत चुकीची आहे. त्याला तेथली संवय असते. आणि संवय व ज्ञान या दोन वस्तु अगदीं वेगळ्या आहेत.

युरोपांतील विद्यापीठांच्या शिष्यवृत्त्या मिळवून जाणारे तरुण आतां या भागांतूनहि निघूं लागले आहेत. अशा तरुणाविषयीं गांवांत तीन प्रकारचीं मतें ऐकूं येतात. पहिलें मत पगारवाद्यांचें. त्यांच्या दृष्टीनें परदेशचें शिक्षण हा एक मोठा सौदा. किती लाख घातले व किती लाख निघाले, एवढाच त्याचा हिशेब. दुसरें मत निराशावाद्यांचें: गेला तो गेला, तो आतां आपला कशाचा राहतो? तिसरें मत नव्या शहरी वाचनांतून आलेलें आहे. परदेशीं गेल्यानें माणसाला 'स्वतःचा शोध' लागतो, असें या पक्षाचें म्हणणें. आणि तो शोध म्हणजे काय असें विचारलें तर एकट्यानें राहणें, आपला स्वयंपाक आपण करणें, बर्फांत फिरणें आणि आपल्या आवडीनिवडी ओळखणें, असें उत्तर मिळतें. पहिल्या दोन मतांत निदान कांहीं अनुभव आहे. तिसऱ्यांतला शब्द तेवढा खरा आहे, अर्थ मात्र हलका. स्वतःचा शोध लागतो हें आम्हांस मान्य आहे. तो कोठें व कसा लागतो, हें एका उदाहरणानें सांगतों.

आमच्या हाताखालून गेलेला एक विद्यार्थी इंग्लंडांत शिकत आहे. चामोर्शी तालुक्यांतल्या एका लहान खेड्याचा हा मुलगा. बाप दुसऱ्याच्या बांधींत रोवणीचीं कामें करणारा मजूर. त्याची शिष्यवृत्ति तेथल्या विद्यापीठाचीच असल्यामुळें त्याच्या विषयावर कोणाचा पहारा नव्हता. त्याच्या पहिल्या पत्रांत थंडी, दुपारीं चारलाच पडणारा अंधार व बेचव जेवण यांखेरीज कांहीं नव्हतें. दुसऱ्या पत्रांत एक वाक्य असें होतें: "येथें लोक माझें नांव विचारतात, पण आडनांव ऐकून कोणी थबकत नाहीं." तिसऱ्यांत त्यानें कळविलें कीं, खर्चाची तोंडमिळवणी व्हावी म्हणून तो रात्रीं एका खानावळींत भांडीं घासतो. ज्या घरांत आईनें त्याला जेवल्यावर स्वतःचें ताट कधीं उचलूं दिलें नाहीं, त्या घरचा हा पदवीधर परक्यांचीं खरकटीं भांडीं घासतांना प्रथमच आईच्या हातांचा विचार करूं लागला. तेथें सर्व समता नांदते अशी त्याची भोळी समजूतहि फार दिवस टिकली नाहीं. काळ्या कातडीकडे पाहण्याची एक निराळी नजर त्या देशांतहि असते, हें त्यानें चौथ्या पत्रांत लिहिलें.

परंतु खरें महत्त्वाचें पत्र पांचवें. पाण्याच्या वांटपावर वर्गांत चर्चा चालली असतां अध्यापकांनीं त्याला विचारलें कीं, तुमच्या गांवीं तलाव आहे असें तुम्ही म्हणतां, तर त्याचें पाणी आधीं कोणाच्या शेताला जावें हें कोण ठरवितें? मुलगा निरुत्तर झाला. ज्या तलावांत तो पोहावयास शिकला, ज्याच्या पाळीवरून तो दहा वर्षें शाळेंत गेला, त्याचें पाणी कोणत्या नियमानें वांटलें जातें हें त्याला ठाऊक नव्हतें. त्या रात्रीं त्यानें बापाला दूरध्वनि केला. बाप तासभर बोलला. कोणत्या बांधीचा पहिला मान, पावसानें ओढ दिली तर क्रम कसा फिरतो, पाळ फुटली तर प्रत्येक घरानें किती माती टाकायची, मालगुजाराच्या वेळीं काय होतें आणि पुढें तलाव सरकारजमा झाल्यावर काय बिघडलें, हें सर्व त्या मजुरानें आपल्या मुलाला सांगितलें. "बाबांशीं जन्मांत मी इतका वेळ बोललों नव्हतों," असें मुलानें लिहिलें आहे, "आणि बाबांना इतकें येतें हें मला माहीत नव्हतें."

ज्या तलावांची ही गोष्ट, त्यांना पूर्व विदर्भांत 'मामा तलाव' म्हणतात. माजी मालगुजारी या शब्दांचें तें लघुरूप होय. जुन्या काळीं धानासाठीं बांधलेले असे लहानमोठे तलाव भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत पुष्कळ आहेत. मालगुजारी १९५१ सालीं संपली. तलाव सरकारकडे आले. आणि ज्यांच्या श्रमानें पाळी राखल्या जात होत्या त्यांचा त्यांवरील हक्क व जबाबदारी हीं दोन्हीं धूसर झालीं. हा विषय इतिहासाचा आहे, समाजाचा आहे आणि उद्यांच्या भाताचाहि आहे. तो त्या मुलाच्या दारांत पडला होता. पण दिसला मात्र कित्येक हजार मैलांवरून. आम्ही ज्याला स्वतःचा शोध म्हणतों तो हा. तो आंत डोकावून लागत नाहीं. ज्याला आपण गृहीत धरलें होतें तें घर, तो बाप, तें गांव हीं एकाएकीं प्रश्न होऊन समोर उभीं राहतात, आणि त्यांचें उत्तर देतां देतां माणूस स्वतःला सांपडतो.

आतां वर सांगितलेलें कलम या मुलासारख्या दुसऱ्या एखाद्या मुलास लावून पाहा. सरकार त्याला म्हणणार: विमानाचें भाडें घे, शुल्क घे, राहण्याखाण्याचा खर्च घे, मात्र त्या तलावाकडे पाहूं नको. ज्या उंचवट्यावरून गांव स्पष्ट दिसतें तेथपर्यंत त्याला खर्चानें चढवावयाचें आणि वर गेल्यावर डोळ्यांवर पट्टी बांधावयाची, यांत शहाणपण कोणतें?

आमच्या म्हणण्यास पूर्वजांची साक्ष हवी असेल तर ती भरपूर आहे. ज्या आनंदीबाईंचा उल्लेख आम्हीं आरंभीं केला, त्यांनीं १८८६ सालीं पेनसिल्व्हानियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयाची पदवी घेतली. तिच्यासाठीं त्यांनीं प्रबंधाचा विषय निवडला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा. अमरावतीस वाढलेले श्रीधर व्यंकटेश केतकर १९०६ सालीं अमेरिकेस गेले आणि कॉर्नेल विद्यापीठांत असतांना त्यांनीं ग्रंथ लिहिला तो हिंदुस्थानांतील जातिभेदाच्या इतिहासाचा. तो १९०९ सालीं प्रसिद्ध झाला. हेच केतकर पुढें परत येऊन महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड सिद्ध करते झाले. भीमराव आंबेडकर १९१३ सालीं सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठांत गेले. ९ मे १९१६ रोजीं त्यांनीं तेथें गोल्डनवायझर यांच्या चर्चावर्गांत निबंध वाचला तो भारतांतील जातींची घडण व उगम यांवर. त्यांचे पुढचे मोठे प्रबंधहि ब्रिटिश हिंदुस्थानची प्रांतिक अर्थव्यवस्था आणि रुपयाचा प्रश्न यांविषयींच होते. २०२२ ची नियमावली त्या काळीं असती तर आनंदीबाईंचा प्रबंध वारसा म्हणून, केतकरांचा ग्रंथ इतिहास म्हणून आणि आंबेडकरांचा निबंध सामाजिक अभ्यास म्हणून परत आला असता. ज्या आंबेडकरांच्या तसबिरीला या खात्याच्या प्रत्येक कचेरींत हार पडतो, त्यांचा अर्ज त्याच कचेरीच्या खिडकीवर नामंजूर व्हावा, यापेक्षां मोठा उपहास कोणता असेल?

आंबेडकरांच्या उदाहरणांत आणखी एक मर्म आहे. परदेशांतील वास्तव्यानें आपण अस्पृश्य आहों ही जाणीवच आपल्या मनांतून पुसली गेली होती, आणि १९१७ सालीं बडोद्यास उतरतांच, राहावयास जागा कोठें मिळेल या प्रश्नाबरोबर ती पुन्हां समोर आली, असें त्यांनीं स्वतःच पुढें लिहून ठेवलें आहे. जें दुःख जन्मापासून सोसलें तें कांहीं वर्षें न सोसल्यामुळेंच त्याचें अन्याय्य स्वरूप उघडें पडलें. घरीं बसून मिळणाऱ्या पुस्तकांत हें अंतर मिळत नाहीं. 'साधनें येथेंच आहेत' असें म्हणणारांच्या ध्यानांत ही साधी गोष्ट येत नाहीं कीं, अंतर हेंहि एक साधन आहे.

खुद्द गडचिरोली जिल्ह्यांतील दाखला तर डोळ्यांसमोरचा आहे. डॉक्टर अभय बंग व डॉक्टर राणी बंग या दांपत्यानें अमेरिकेंतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत सार्वजनिक आरोग्याचें शिक्षण घेतलें आणि परत येऊन १९८६ सालीं गडचिरोलींत 'सर्च' ही संस्था काढली. १९८९ सालीं त्यांनीं येथल्या दोन खेड्यांतील स्त्रियांच्या रोगांची पाहणी 'लॅन्सेट' या विख्यात वैद्यकीय पत्रांत प्रसिद्ध केली, तेव्हां ज्या दुखण्यांविषयीं बायका घरांतहि बोलत नसत तीं जगापुढें आलीं. १९९९ सालीं त्याच पत्रांत त्यांनीं दाखविलें कीं, गांवच्याच बायकांना शिकवून नवजात अर्भकांची घरीं शुश्रूषा केली, तर ३९ गांवांत अशा अर्भकांच्या मृत्यूंचें प्रमाण, तुलनेसाठीं घेतलेल्या गांवांच्या मानानें, ६२ टक्क्यांनीं उतरतें. विद्या अमेरिकेची, प्रश्न गडचिरोलीचा. या दोहोंची गांठ पडली म्हणून कांहीं आयांच्या मांडीवरचीं मुलें वांचलीं. निराशावाद्यांनीं व पगारवाद्यांनीं हा हिशेब एकदां मांडून पाहावा.

आतां आक्षेपांकडे वळूं. पहिला आक्षेप साधनांचा. भारताच्या अभ्यासाचीं साधनें भारतांत आहेत हें खरें. पण सर्व नाहींत. मार्कंड्याच्या देवळांचें वर्णन १८७३ ते १८७५ च्या दौऱ्यांनंतर लिहिलें तें अलेक्झांडर कनिंगहॅम यांनीं. ज्या चांदा जिल्ह्यांत तेव्हां चामोर्शी होतें त्याच्या जमाबंदीचा १८६९ चा अहवाल मेजर लूसी स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याचा. शेजारच्या अदिलाबादेंतील राजगोंडांवर ग्रंथ लिहिला तो फ्यूरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन पंडितानें, आणि त्याचा छायाचित्रांचा व टिपणांचा संग्रह आहे लंडनच्या विद्यापीठांत. परक्यांनीं येथें यावें, आमच्या देवळांचीं, जमिनींचीं व माणसांचीं वर्णनें लिहून न्यावीं, त्यावर तिकडे प्राध्यापक व्हावें, याला कोणाची हरकत नव्हती. आतां येथलाच मुलगा तिकडे जाऊन, तीं वर्णनें वाचून, त्यांत बरोबर काय व चूक काय हें त्यांच्याच वर्गांत उभा राहून सांगूं म्हणतो, तेव्हां मात्र त्याच्या वाटेंत सरकारी कलम आडवें यावें! याला स्वाभिमान म्हणावयाचें कीं परक्यांच्या मक्तेदारीचें संरक्षण?

दुसरा आक्षेप विज्ञानाचा. पैसा थोडा आहे, तो यंत्रविद्येवर व विज्ञानावर खर्चावा, असें कांहीं म्हणतात. विज्ञानाची महती आम्ही कमी लेखीत नाहीं. परंतु लोकांच्या रोजच्या जीविताशीं लागून असलेले विषय समाजाच्या अभ्यासापासून तोडतां येत नाहींत. एकच उदाहरण पाहा. याच जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यांतील मेंढा-लेखा या गांवास २००९ सालीं सामूहिक वनहक्क मिळाला, आणि त्याच २००९ सालीं अमेरिकेंतील इंडियाना विद्यापीठाच्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना, गांवकरी आपलीं सामाईक रानें व पाणी स्वतः कसें राखतात या अभ्यासाबद्दल अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. त्यांच्या ग्रंथांत स्वित्झर्लंडांतील टोर्बेल या डोंगरी गांवाची हकीकत आहे. तेथल्या लोकांनीं सामाईक कुरणांचे नियम १४८३ सालच्या लेखांत नोंदवून ठेवले आहेत. चामोर्शीच्या एखाद्या शेतमजुराच्या मुलीस हा विषय शिकावयाचा आहे असें समजा. २०२२ च्या नियमावलीप्रमाणें तिला टोर्बेलच्या कुरणांवर प्रबंध लिहितां येईल. मेंढ्याच्या बांबूवर, किंवा आपल्या गांवच्या तलावावर, लिहितां येणार नाहीं. स्विस गुरांचा चारा हें शास्त्र, आणि आपल्या गांवचा बांबू हा मात्र निषिद्ध विषय, ही विभागणी कोणत्या तर्कशास्त्रांत बसते?

तिसरा आक्षेप फारसा उघड बोलला जात नाहीं, पण तोच मुळाशीं असावा असा आमचा संशय आहे. ही मुलें बाहेर जाऊन देशाचीं उणीं काढतील, ही ती भीति. काढतीलहि. परंतु उणें दाखविणें व निंदा करणें यांतला भेद ज्या समाजाला कळत नाहीं त्याचें हित कोणत्याच शिष्यवृत्तीनें होणार नाहीं. ज्याला आपल्या घरच्या भिंतीची भेग दिसली तो ती बुजविण्याचा विचार निदान करूं शकतो. आणि ही भीति खरी मानली तरी तिचा भार कोणावर पडतो तें पाहा. ज्याच्या बापाजवळ पैसा आहे तो मुलगा लंडनांत वा न्यूयॉर्कांत बसून भारताच्या इतिहासावर, जातींवर, राजकारणावर मनसोक्त लिहितो. त्याला विचारणारें कोणी नाहीं. बंदी आली ती फक्त ज्यांना सरकारी मदतीवांचून जातां येत नाहीं त्यांना. ज्यांच्याविषयीं आजवर इतरांनींच लिहिलें, त्यांना स्वतःविषयीं लिहिण्याची संधि येतांच तेवढी त्यांचीच लेखणी अडवावयाची, हा न्याय 'सामाजिक न्याय' या नांवाच्या खात्याला शोभत नाहीं.

आमची मागणी फार मोठी नाहीं. हें कलम काढून टाकावें. विद्यार्थ्याचा विषय त्याच्या योग्यतेवर व त्याच्या मार्गदर्शकांच्या मतावर सोडावा. सरकारला मोबदला हवाच असेल तर तो न्याय्य रीतीनें मागावा: परदेशीं लिहिलेल्या प्रत्येक प्रबंधाचा सारांश विद्यार्थ्यानें आपल्या मातृभाषेंत लिहावा, त्याची एक प्रत जवळच्या विद्यापीठांत व एक त्याच्या गांवच्या ग्रामपंचायतींत ठेवावी, आणि ज्यांच्याविषयीं तो आहे त्यांना तो वाचून दाखवावा. गडचिरोलीस २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. हें काम अंगावर घेण्यास त्यापेक्षां योग्य ठिकाण कोणतें?

आईबापांनाहि आमचें एक सांगणें आहे. परदेशीं गेलेल्या मुलाला दर आठवड्यास 'जेवलास का' व 'पगार किती मिळेल' हे दोन प्रश्न आपण विचारतांच; ते अवश्य विचारावे. त्यांच्या जोडीला तिसराहि विचारीत जावा: तेथें बसून तुला आपल्या घरचें काय नवें दिसलें? उत्तरादाखल मुलानेंच उलट कांहीं विचारलें, तर घाईनें दूरध्वनि ठेवूं नये. त्या मजूर बापानें ठेवला नाहीं. म्हणून आज इंग्लंडांतील एका विद्यापीठांत चामोर्शी तालुक्यांतल्या एका तलावाच्या पाळीवर प्रबंध लिहिला जात आहे, आणि त्यांतील पहिला आधार एका अक्षरशत्रु मजुराचा आहे.